नाण्यावरचं दुसरं नाव

 

रेडिओवर आमचा आवाज आला की तुम्हाला वाटतं, आता व्याजाचा हिशेब येणार, हप्ता येणार, नाहीतर मसाल्याच्या पाकिटाला लेबल कसं लावायचं ते येणार. आज तसलं काही नाही. आज आम्ही नाण्यांबद्दल बोलणार आहोत. तीही बाजारात न चालणारी नाणी. कुणी घासलेली, कुणी कोरलेली, कुणी एका छापावर दुसरा छाप मारलेली. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना हे कुठलं वेड लागलं? वेड लागायला एक कारण झालं. ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका मावशींनी आठ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण सांगितलं दवाखाना. मावशी गटातल्या सगळ्यात जुन्या सभासद. त्यांचा हप्ता कधी एक दिवससुद्धा मागे राहिलेला नाही. सचिवताईंनी लगेच अर्ज लिहायला घेतला. पण आमची एक रीत आहे. कर्ज मागणारी कितीही भरवशाची असो, दोन प्रश्न विचारायचेच. पैसा कुणाच्या हातात जाणार? आणि परत कशातून येणार? मावशींना विचारलं, दवाखाना कुठला? मावशी गप्प. पुन्हा विचारलं, तर त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मग खरी गोष्ट बाहेर आली. मावशींच्या पेटीत त्यांच्या आईचा एक राणीछाप रुपया होता. चांदीचा, वर डाख लावून कडी बसवलेला. आईच्या गळ्यातल्या माळेतला तेवढा एकच उरलेला. नातवाच्या मोबाइलवर जाहिरात आली होती, जुनी नाणी विका आणि लाखो मिळवा. नातवानं फोटो पाठवला. पलीकडून फोन आला. गोड आवाज, आजी आजी म्हणून बोलणं. म्हणाला, तुमचं नाणं साडेचार लाखांना जातंय, फक्त नोंदणीचे अकराशे पन्नास रुपये भरा. मावशींनी शेळी विकून आलेल्या पैशातून ते भरले. मग म्हणाला, व्यवहारावरचा कर आठ हजार, तो भरला की संध्याकाळी पैसे खात्यावर. ते आठ हजार मावशी आमच्याकडे मागत होत्या.

गटानं कर्ज दिलं नाही. पोलिसांत गेलो, तक्रार दिली. अकराशे पन्नास रुपये काही परत आले नाहीत. पण आठ हजार वाचले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मावशी गटात टिकल्या. लाजेनं त्या दोन बैठका आल्याच नव्हत्या. आम्ही चौघी जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आलो.

आल्यावर मावशींनी एकच प्रश्न विचारला. "ते जाऊ द्या गं. पण माझ्या रुपयाची खरी किंमत काय?"

आमच्यातल्या एकीलाही उत्तर देता आलं नाही. पै पैचा हिशेब ठेवणाऱ्या बाया आम्ही, आणि नाण्याची किंमत सांगता येईना. मग सराफाकडे गेलो. त्यांनी काट्यावर ठेवलं. म्हणाले, राणीच्या रुपयात एक तोळा वजन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात शेकडा ९१ च्या वर शुद्ध चांदी. पण याला डाख लागलाय, कडी लागलीय, नाणं जमवणारे हे घेत नाहीत. मोडीत चांदीच्या भावानं जाईल.

मावशींचा चेहरा पडला. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या आईनं हात लावला म्हणून किंमत उतरली?"

मैत्रिणींनो, आजचं आमचं बोलणं त्या एका प्रश्नावर आहे. माणसाचा हात लागला की नाण्याची किंमत उतरते का?

उत्तर शोधायला आम्ही फार लांब गेलो नाही. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत अंजनेरी लागतं. तिथे नाण्यांचा अभ्यास करणारी एक संस्था आहे, १९८० पासूनची, आणि तिचं नाण्यांचं संग्रहालय आहे. गटाची सहल म्हणून आम्ही तिथे गेलो. तिथून नाद लागला आणि जोगलटेंभीची गोष्ट आम्ही नीट वाचून काढली.

जोगलटेंभी हे सिन्नर तालुक्यातलं गाव, गोदावरी आणि दारणा जिथे भेटतात तिथलं. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा एक ठेवा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी. ती नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पण यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर आणखी एक छाप होता. नहपानाला हरवून सातवाहनांचा गौतमीपुत्र सातकर्णी राजा झाला. त्यानं जुनी नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपला ठसा मारला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं चिन्ह, आणि ब्राह्मी अक्षरांत आपलं नाव. ठसा मारताना जुना छाप पुरता मिटला नाही. डोंगराच्या आडून नहपानाचं नाक, कान डोकावतात. एकाच नाण्यावर हरलेला आणि जिंकलेला, दोघं शेजारी शेजारी.

आणि त्या ठशात नाव काय? गोतमिपुत. गौतमीचा मुलगा. बापाचं नाव नाही, आईचं नाव. त्या आईचा, गौतमी बलश्रीचा, शिलालेख आजही नाशिकच्या पांडवलेण्यात आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या भागात हातोहात फिरणाऱ्या चांदीवर एका बाईचं नाव ठोकलेलं होतं. हे ऐकून आमच्या गटातल्या बाया जरा ताठ बसल्या, खोटं कशाला सांगा.

आता हा झाला राजाचा हात. राजानं ठसा मारला तर नाण्याची किंमत चढते, यात नवल काय? गरिबाचा हात लागला तर? परतीच्या वाटेवर आमच्याबरोबरची कॉलेजला जाणारी मुलगी मोबाइलवर काहीतरी शोधत होती. तिनं चित्रं दाखवली आणि म्हणाली, हे बघा, अमेरिकेतली नाणी. यांना होबो निकेल म्हणतात.

निकेल म्हणजे त्यांचं पाच सेंटचं नाणं. साधारण आपल्या आजच्या रुपयाच्या नाण्याएवढं. होबो म्हणजे कामाच्या शोधात गावोगाव फिरणारा मजूर. तो तिकीट काढत नसे. मालगाडीच्या डब्यात चढायचं, जिथे काढणीचं, बांधकामाचं, लाकूडतोडीचं काम असेल तिथे उतरायचं, काम संपलं की पुढे. भीक मागणारा वेगळा आणि होबो वेगळा, हे ते लोक ठासून सांगत. आम्ही फिरतो, पण काम करतो, असं त्यांचं म्हणणं. ऊसतोडीला जाणारी आपली माणसं डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळेल.

१९१३ साली अमेरिकेच्या टांकसाळीनं नवीन निकेल काढलं. जेम्स अर्ल फ्रेझर नावाच्या शिल्पकारानं त्याचा साचा केला. एका बाजूला तिथल्या मूळ रहिवासी माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बायसन, म्हणजे रानगवा म्हणा. आधीच्या नाण्यांवर चेहरे लहान असत. याच्यावरचा चेहरा मोठा, जवळजवळ सगळं नाणं व्यापणारा, आणि चांगला उठावाचा. कोरायला भरपूर धातू हाताशी आला. तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. खिशातला चाकू, एखादा खिळा, मोडकी कानस, एवढ्यावर काम भागत असे.

मग या फिरस्त्यांनी काय केलं? त्या चेहऱ्याच्या केसांतली पिसं घासून टाकली आणि डोक्यावर गोल टोपी चढवली. वेणी काढली आणि कान कोरला. हनुवटीला दाढी लावली. कुणी आपला स्वतःचा चेहरा कोरला, कुणी सोबत्याचा, कुणी विदूषकाचा. बाईचा चेहरा क्वचितच, म्हणून तसं नाणं मिळालं की जमवणारे फार जपतात. मागच्या बायसनचं कुणी गाढव केलं, कुणी हत्ती, कुणी कासव. कुणी तर पाठीवर बोचकं घेतलेला माणूसच केला.

हे करून मिळायचं काय? पाच सेंटच्या नाण्याला पाच सेंटच. पण कोरलेलं नाणं दिलं की एक जेवण मिळे, रात्री गोठ्यात झोपायला जागा मिळे, कधी गाडीवरचा शिपाई डोळेझाक करी. १९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. १९३३ साली तिथला दर चार कामकऱ्यांमागे जवळजवळ एक बेकार होता. लाखो माणसं घर सोडून रस्त्याला लागली. त्या दिवसांत अशी नाणी पुष्कळ कोरली गेली. हाताला काम नव्हतं, पण हात होता.

या कारागिरांपैकी बहुतेकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. दोन नावं मात्र राहिली. एक बर्ट्राम वीगंड, त्याला सगळे बर्ट म्हणत. दुसरा जॉर्ज वॉशिंग्टन ह्यूज, त्याला बो म्हणत. बो हा कृष्णवर्णीय, गरीब घरातला, लहानपणीच घर सोडून निघालेला. फिरस्त्यांच्या तळावर त्याला बर्ट भेटला आणि बर्टनं त्याला कोरायला शिकवलं. सांगतात, १९५७ साली बोच्या हातातली छिन्नी घसरली आणि हाताला मोठी जखम झाली. तरी त्यानं कोरणं सोडलं नाही, पण पहिल्यासारखं काम पुन्हा झालं नाही. १९८२ साली या नाण्यांवर पहिलं पुस्तक आलं, त्यातून ही नावं लोकांना कळली. १९९२ साली जमवणाऱ्यांनी मिळून एक संस्था काढली. आज जुन्या उस्तादाच्या एका चांगल्या नाण्याला हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत. एका जेवणाला दिलेलं नाणं ते.

पण पैशाहून आम्हाला आवडली ती बर्टची सही. त्या निकेलवर चेहऱ्यासमोर इंग्रजीत लिबर्टी असा शब्द असे. लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्य. इंग्रजीत त्याची सात अक्षरं. बर्ट त्यातली पहिली दोन आणि शेवटचं एक अक्षर घासून टाकी. मग मध्ये उरत बरोबर चार अक्षरं. बी, ई, आर, टी. बर्ट.

ही गोष्ट आम्ही बैठकीत फळ्यावर लिहून दाखवली. सहीपुरतं लिहायला शिकलेल्या बाया आमच्याकडे आहेत. अंगठा सोडून पहिल्यांदा वहीत नाव लिहिलं त्या दिवशी पेढे वाटलेल्या बाया. त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. एक आजी म्हणाल्या, "सरकारच्या शब्दात त्याला आपलं नाव सापडलं."

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी पुरुषांची गोष्ट झाली. तर बायांचीही ऐका. हिच्यासाठी अमेरिकेतून इंग्लंडला जाऊ.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक पेनी ठेवली आहे. १९०३ सालची, ब्राँझची, एडवर्ड राजाचा चेहरा असलेली. त्या राजाच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरं ठोकलेली आहेत. व्होट्स फॉर विमेन. बायकांना मत द्या. तेरा अक्षरं आहेत ती. एकेक अक्षराचा पोलादी ठसा घ्यायचा, नाण्यावर धरायचा, वर हातोडी मारायची, असं एकेक करून ठोकलेली. त्या वेळी तिथल्या बायका मतासाठी लढत होत्या. सभा झाल्या, मोर्चे झाले, कितीजणी तुरुंगात गेल्या. राजाचा चेहरा बिघडवणं हा गुन्हा होता. तरी बायांनी हे केलं.

आणि नाणं कुठलं निवडलं बघा. सोन्याचं नाही, चांदीचं नाही. पेनी निवडली. मोठ्या किमतीचं नाणं असतं तर बँकेनं बाजूला काढून परत टांकसाळीत पाठवलं असतं. पेनीसाठी कोण एवढी यातायात करणार? म्हणून ती फिरत राहिली. दुधवाल्याकडून वाण्याकडे, वाण्याकडून सावकाराकडे. ज्या माणसानं सभेत बायकांचं ऐकून घेतलं नसतं, त्याच्या खिशात ती मागणी जाऊन बसली. बैठकीत बोलायची सोय नसली तर बाई काय करते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ती दळणाच्या डब्यातून निरोप पाठवते. १९१८ साली तिथल्या तिशीपुढच्या, त्यातही मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायकांना मत मिळालं. पुरुषांच्या बरोबरीनं मिळायला १९२८ साल उजाडलं. बीबीसी रेडिओनं २०१० साली शंभर वस्तूंमधून जगाचा इतिहास सांगितला, त्यात ही पेनी होती. म्हणजे आज आम्ही रेडिओवर हिची गोष्ट सांगतोय, तर तो काही आगाऊपणा नाही!

आणखी एक गोष्ट लंडनचीच, पण त्याच्याही दीडशे वर्षं आधीची. टॉमस कोरम नावाच्या एका खलाशानं १७३९ साली तिथे बेवारशी मुलांसाठी आश्रम काढला. ज्या आईला मूल सांभाळणं शक्य नाही, तिनं तिथे आणून द्यायचं. मुलाला तिथे नवीन नाव मिळे. मग पुढेमागे आई परत आली तर ओळख कशी पटायची? म्हणून आई जाताना एखादी खूण ठेवून जाई. कुणी कापडाचा तुकडा, कुणी अंगठी. आणि कुणी नाणं घासून गुळगुळीत करून त्यावर मुलाचं नाव, जन्माची तारीख कोरून ठेवी. ती खूण मुलाच्या कागदांबरोबर बंद करून ठेवत. मुलाला दाखवत नसत. बहुतेक आया परत येऊ शकल्या नाहीत. नाणी राहिली. लंडनमध्ये त्या आश्रमाच्या संग्रहालयात ती बघायला मिळतात.

ही गोष्ट सांगून झाल्यावर बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मावशींनी कनवटीचा रुपया काढून मुठीत धरला होता.

आता थोडं व्यवहाराचं बोलू. कारण आपल्यातल्या कुणाचा मुलगा, भाचा परदेशात असतो, कुणाला नाणी जमवायची हौस असते, आणि फसवणारे तर सगळीकडे असतात.

होबो निकेल जमवणारे आधी खालचं नाणं बघतात. ते खरं निकेल पाहिजे. पूर्ण नाण्याचं वजन ५ ग्रॅम, रुंदी एकवीस मिलिमीटरच्या जरा वर. कोरताना थोडा धातू जातो, म्हणून वजन किंचित कमी भरेल, पण जास्त भरलं तर शंका घ्यायची. चुंबक लावला तर चिकटता कामा नये. मग भिंगाखाली धरतात. हातानं केलेल्या कामात प्रत्येक रेघ वेगळी. हुबेहूब सारखी दोन नाणी दिसली तर समजायचं, साच्यातून काढलीत. मग बघतात, काम जुनं की नवं. जुन्या रेघा बाकी नाण्यासारख्याच काळवंडलेल्या आणि झिजलेल्या असतात, नव्या रेघा चकाकतात. नव्या काळातही उत्तम कोरणारे कलाकार आहेत, पण ते आपली सही करतात आणि नवं म्हणूनच विकतात. नवं काम जुनं म्हणून विकणं ही लबाडी.

आणि बायांनो, एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली. जुनं नाणं सापडलं की आपण काय करतो? चिंच लावतो, राख लावतो, लखलखीत करतो. तसं अजिबात करू नका. वर्षानुवर्षांचा जो काळपट रंग चढलेला असतो, तो नाण्याचा दाखला असतो. तो गेला की जमवणाऱ्याच्या लेखी नाणं गेलं.

छापावर छाप मारायची गंमत आजही चालते. अमेरिकेत १९६५ साली डेन्व्हरच्या टांकसाळीनं चांदीचे तीन लाख सोळा हजार डॉलर पाडले. त्यांच्यावर साल १९६४ चं होतं. पण ते बाहेर देण्याआधीच सरकारनं विचार बदलला आणि सगळे वितळवून टाकले. पुढे कोलोराडोतल्या डॅनियल कार नावाच्या कारागिरानं टांकसाळीतून निघालेलं जुनं यंत्र विकत घेतलं, आणि त्याच जातीच्या खऱ्या जुन्या डॉलरांवर १९६४ चा छाप मारला. जे नाणं कुणालाच मिळालं नाही, त्याची आठवण खऱ्या नाण्यावर उठवली. कुणाला ते आवडतं, कुणी म्हणतं, पुढे कुणीतरी हेच खरं म्हणून विकेल. दोघांचंही म्हणणं विचार करण्यासारखं आहे. अमेरिकेचा कायदा बघतो तो हेतू. फसवण्यासाठी नाणं बदललं तर गुन्हा.

आपल्याकडे कायदा जास्त कडक आहे, हे नीट ऐका. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणं वितळवायला किंवा नष्ट करायला मनाई आहे. आणि नाणं कापणं, घासणं, त्यावर ठसा मारणं याला कायदा नाणं विद्रूप करणं म्हणतो. तेव्हा आमचं ऐकून पोरांना चालू नाण्यांवर खिळे मारू देऊ नका. कोरायची हौस असेल तर तांब्यापितळेच्या चकत्या मिळतात, त्यांच्यावर हात बसवा. तसंच नांगरताना, पाया खणताना जुन्या नाण्यांचं मडकं लागलं तर ते गुपचूप वाटून घेऊ नका. १८७८ पासूनचा कायदा आहे, अशा ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. जोगलटेंभीचा ठेवा कुणी मुशीत आटवला असता तर गौतमीच्या लेकाची ही गोष्ट आज आपल्याला सांगता आली नसती.

आणि त्या लाखोंच्या जाहिराती. रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीशी बँकेचा संबंध नाही, आणि बँक त्यासाठी कुणाकडून फी किंवा दलाली मागत नाही. साधी खूणगाठ बांधा. वस्तू तुमची, घेणारा तो, तर पैसे त्यानं द्यायचे. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागतो तो गिऱ्हाईक नव्हे. फसलाच असाल तर लाजून घरात बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितका उशीर तितका पैसा लांब जातो.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. हात लागला की किंमत उतरते का?

आम्हाला जे समजलं ते असं. सराफ खोटं बोलले नाहीत. बाजारात त्या रुपयाला चांदीचाच भाव आहे. पण बर्टच्या निकेललाही त्या दिवशी एका जेवणाचाच भाव होता. त्या पेनीला एका पेनीचाच. पुढे किंमत चढली, कारण कुणाचा हात लागला, का लागला, हे कुणीतरी लिहून ठेवलं. ज्यांची गोष्ट राहिली नाही ती नाणी घासलेल्या धातूचा तुकडा म्हणून मोडीत गेली.

मावशींच्या आईनं त्या रुपयाला कडी का लावली, हे आम्ही पहिल्यांदाच विचारलं. मावशी म्हणाल्या, "दुष्काळात आईनं माळेतले नऊ रुपये एकेक करून मोडले. दहावा मोडायला माझा बाप निघाला होता. तिनं दिला नाही. म्हणाली, हा माझ्या पोरीचा. कडी होती म्हणून तिला तो गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवून लपवता आला."

हे घरातही कुणाला माहीत नव्हतं. नातवालाही नाही, ज्यानं फोटो पाठवला होता. तो बाजूला बसून ऐकत होता. फोटो त्यानं फक्त नाण्याचा काढला होता.

त्या दिवशी गटाच्या इतिवृत्तात आम्ही एक नवीन पान उघडलं. बचतीच्या, कर्जाच्या नोंदी असतात तिथेच, मागच्या बाजूला. पहिली नोंद मावशींच्या रुपयाची. वजन, धातू, छाप कुणाचा, कडी कुणी लावली, का लावली. खाली मावशींनी स्वतःच्या हातानं सही केली. आता दर बैठकीला एकजण घरातली एक वस्तू आणते आणि तिची नोंद करते. पुतळी, जातं, सासूचा अडकित्ता. विकायची की ठेवायची, ते जिचं तिनं ठरवायचं, गटाची त्यात सक्ती नाही. एका काकूंनी पुतळ्या विकल्या, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नोंद मात्र आधी केली, मग विकल्या.

मावशींनी रुपया विकला नाही. अजून कनवटीलाच असतो. आठ हजारांचं कर्ज त्यांना या दिवाळीनंतर दिलं, खऱ्या कारणासाठी, दोन शेळ्यांसाठी. हप्ता वेळेवर येतोय.

तुम्ही आज एवढंच करा. रात्री भांडी झाली की पेटीतली एखादी जुनी वस्तू काढा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा, हे कुणाचं, आणि याला हा डाग कसा पडला? सांगेल ते लिहून ठेवा. तुम्हाला लिहिता येत नसेल तर पोरांना लिहायला लावा.

आमची वेळ संपली. पुन्हा भेटू, तेव्हा व्याजाचाच हिशेब घेऊन येऊ. नमस्कार.